घर विकणे आहे, रोटी सोडून

आदरणीय मावजुदा वन्संना, खुजंदहून तुमच्या धाकट्या भावजयीचा, म्हणजे सव्सनचा, छातीवर हात ठेवून सलाम.

तुमचे गुडघे कसे आहेत? येकातेरिनबुर्गात बर्फ पडला असेल, तेव्हा लोकरीचे मोजे काढा, पेटीत ठेवून ते काही पिल्लं घालणार नाहीत. इकडे डाळिंबं उतरवून झाली. सियावुश रविवारी जेवायला येतो ना तुमच्याकडे? त्याच्या पुलावात गाजर पिवळंच घाला. तिकडे लाल मिळतं म्हणे, पण लाल गाजराच्या पुलावाला तो लहानपणीसुद्धा तोंड लावत नसे. (आता बायको घालते ते खात असेल. खाऊ दे बापडा.)

तर तुमच्या या भाच्याचा हुकूम सुटला आहे, की आई, घर विक आणि इकडे ये. तुमचे भाऊ गेल्यापासून एवढ्या अंगणात मी आणि द्राक्षाचा मांडव असे दोघंच आहोत, तेव्हा त्याचंही चूक नाही. दलाल धर म्हणाला. मी म्हटलं, आपल्याच घराचं कौतुक परक्याच्या तोंडून ऐकायचं आणि वर त्याला दलाली द्यायची? माझं तोंड काय शिवलंय? म्हणून फाटकावर खडूनं 'घर विकणे आहे' असं लिहून मी स्वतःच दुकान मांडलं.

पहिलं गिऱ्हाईक सोन्याचे दात बसवणारा गृहस्थ. आता दाराशी आलेल्याला चहाआधी 'काय काम काढलंत?' असं विचारायचं नसतं, हे मी नवी नवरी असताना तुम्हीच डोळे वटारून शिकवलं होतंत. चहा दिला. चहाबरोबर सांबुसे आले, मग मटणाचा शुरबा आला, रस्सा पिऊन झाल्यावर पुलाव नाही म्हटल्यास बरं दिसत नाही. जेवून उठल्यावर तो खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस घासाघीस कशी करणार? आणि पाहुण्याला आकडा मी कोणत्या तोंडानं सांगणार? दुवा देऊन गेला. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन आला, मग मावशीला. सगळी माणसं फार चांगली निघाली, किंमत तेवढी कुणी विचारली नाही.

दुसऱ्याशी मी रीतीनं बोलले, की या गरिबाच्या खोपटात आपले पाय लागले, बसायलाही धड जागा नाही. कुणीही यावर 'अहो, महाल आहे महाल' असंच म्हणतं. पण हा वाढला होता रशियात. त्यानं माझा शब्द न् शब्द खरा धरला, छत कुठं गळतं ते विचारलं आणि खोपटाचा भाव सांगितला. मी त्यालाही जेवू घातलंच, पण डाळिंबं बांधून दिली नाहीत.

शेवटी हात टेकले आणि नुस्रत नावाचा दलाल बोलावला. आला तो फीत काढून भिंती मोजत. मग मला समोर बसवून म्हणाला, "मावशी, गिऱ्हाईक आलं की तुम्ही शेजारी जाऊन बसायचं. बोलायचं नाही आणि वाढायचं तर मुळीच नाही." (हे तो दुसऱ्यांदा पुलाव घेताना म्हणाला.) "आणि भिंतीवरची ती वाळकी रोटी आधी काढा. उंदरानं कुरतडलीय, लोक काय म्हणतील?"

"उंदीर नव्हे रे मेल्या, माझा मुलगा तो!"

वन्सं, तुम्हाला काय सांगायचं? निघायच्या सकाळी सियावुशनं तिचा एक घास तोडला, उरलेली मी खिळ्याला टांगली. ज्यानं घास तोडला त्यानंच परत येऊन ती संपवायची. तो दर वसंतात 'पुढच्या वसंतात' म्हणतो. मी ती पुसते, घासाच्या कडेला त्याच्या वाकड्या दाताची खूण आहे, तिथं फडकं लावत नाही. फोनवर त्याचं तोंड दिसतं, पण जेवताना तोंड कसं दिसतं ते दिसत नाही. मला त्याची फार आठवण येते. हे त्याला सांगू नका.

नुस्रतनं परवा एक जोडपं आणलं, बाई दवाखान्यात नर्स. ठरल्याप्रमाणे मी शेजारी गेले आणि पालथ्या घमेल्यावर चढून भिंतीवरून पाहत होते. बाई रोटीपाशी थबकली. नुस्रत म्हणाला, शोभेची आहे. तिनं त्याच्याकडे असं काही बघितलं! मग भिंतीवरचं माझं डोकं दिसलं तशी मोठ्यानं म्हणाली, "मावशी, कोण गेलंय?"

"मुलगा."

"आमच्याकडे भावाची टांगलीय." नवऱ्याकडे वळून म्हणाली, "घर पसंत आहे. पण ही रोटी तो येऊन खाईपर्यंत आपण इथं राहायला यायचं नाही." नवऱ्यानं मान डोलावली. भाव नुस्रतनं सांगितला तोच कबूल केला, फक्त थांबू म्हणाले. नुस्रतनं कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, वीस वर्षांच्या धंद्यात घर अडलं ते भावावरून, भावकीवरून. रोटीवरून पहिल्यांदाच!"

तुम्हाला उदंड आयुष्य लाभो.

तुमचीच सव्सन

ता. क. सियावुशला पाठवून द्या. विक्रीच्या कागदावर मुलाची सही समक्षच लागते, असा कायदा आहे म्हणून सांगा. नुस्रतला विचारलं, तो म्हणतो असा कायदा नाही. पण वर म्हणाला, सियावुशचा फोन आला तर आहे म्हणून सांगेन, दलाली अशाच कामाची तर घेतो.

ता. क. रोटी दगडासारखी झाली आहे. मी चहात भिजवून देईन. दात दुखतात वगैरे सबब चालणार नाही.

ता. क. नव्या रोटीसाठी पीठ चाळून ठेवलं आहे. परत निघेल तेव्हा या घरातून त्याला घास तोडल्याशिवाय कोण जाऊ देणार? हे त्या नर्सबाईला कळू देऊ नका.