रविवारी फायनल पाहिल्याबद्दल आत्यास

सिडनी, सोमवार

आदरणीय आत्या,

मी हे पत्र जमिनीवर बसून लिहीत आहे, कारण तुमच्यापुढे खुर्चीत बसणे मला समुद्रापलीकडूनही जमत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? टोंगात यंदा कोनफळे कशी आली? आम्ही सगळे सुखरूप आहोत, धाकट्या फिनेचे नाक सोडून.

आपल्यात बाबांच्या थोरल्या बहिणीचा शब्द शेवटचा, म्हणून फिनेने पुढच्या वर्षी रग्बी खेळायचे की नाही ते फायनलनंतर ठरवीन, असे तुम्ही फोनवर म्हणालात. आणि घडले ते लेसिएलीने, म्हणजे मी, कळवावे, कारण घरात शिकलेली तीच आणि खोटे बोलताना तिला उचकी लागते. (लिहिताना लागत नाही, हे आजच कळले. पण मी त्याचा फायदा घेणार नाही.)

तर, रविवार देवाचा, म्हणून फिनेखेरीज कुणी मैदानावर पाऊल टाकायचे नाही ही तुमची आज्ञा सर्वांना मान्य होती. फिने एकटीच संघाबरोबर गेली. आम्ही चर्चला गेलो. पाद्रीसाहेबांनी दोन्ही संघांच्या हाडांसाठी प्रार्थना केली, तेव्हा दुसऱ्या संघाच्या वेळी बाबा आमेन म्हणाले नाहीत. मग म्हणाले, "जरा गाडीतून चक्कर मारू." चक्कर मैदानाच्या दारात संपली. "आत नाही हं जायचं, ताईनं बजावलंय. नुसता आवाज ऐकू." त्यावर आई म्हणाली, "आवाजावरून आपली पोर पडली की दुसऱ्याची, ते कसं कळणार?" तेव्हा चर्चसाठी कमरेला गुंडाळलेल्या चटया सावरत आम्ही आत गेलो. (तिकिटे बाबांच्या बायबलमध्ये आधीपासूनच होती. मी काही विचारले नाही.) आत आपले निम्मे चर्च चटयांसकट बसले होते, एकमेकांकडे न बघता. पाद्रीसाहेबांनी टोपी डोळ्यांवर ओढली होती.

शेवटची दोन मिनिटे उरली तरी आपण मागेच. बाबा म्हणाले, "स्तोत्र म्हटलं तर ही प्रार्थनाच झाली, नाही का?" आणि त्यांनी सूर लावला. सगळे चर्च उभे राहून गाऊ लागले. आता आत्या, समोरच्या संघातली कडेची खेळाडूही आपलीच, वावाऊ बेटावरची. स्तोत्र कानी पडताच तिची मान सवयीने खाली गेली, आणि फिने तिच्या शेजारून चेंडू घेऊन पळाली ती थेट रेषेपार. आपण जिंकलो. हा न्याय झाला का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. फिनेची मान का झुकली नाही, हे तुम्ही विचारालच. ती म्हणते, नाकावर लागल्यामुळे ऐकू आले नाही. असे होते का, हे मी डॉक्टरांना विचारले आहे.

शिट्टी वाजताच मी गोळ्या-चॉकलेटांचा हार घेऊन कठडा ओलांडला. (ओलांडू नये, अशी पाटी होती. मी वाचली होती.) एका धिप्पाड रखवालदाराने माझी चटई धरली. मी फिनेपर्यंत पोहोचले; तेही पोहोचले, फरपटत. नंतर त्यांची माफी मागून त्यांना आईने अळूच्या पानांत नारळाच्या दुधात शिजवलेला लू खायला घातला.

तुमच्या शब्दाकडे डोळे लावून बसलेली,
लेसिएली

ता. क. बाबाही पत्र लिहीत आहेत. त्यात ते गाडीतच बसून होते.

ता. क. फिनेला हो म्हणा. ती गळ्यात पदक घालून फोनजवळ बसली आहे आणि कुणाला फोन उचलू देत नाही. स्वतःही उचलत नाही.

ता. क. त्या रखवालदाराचे काय झाले ते फिनेच्या प्रशिक्षकबाईंनी पाहिले. पुढच्या हंगामाच्या सरावाला त्यांनी मलाही बोलावले आहे. आत्याला विचारून सांगते, असे मी म्हणाले, आणि बूट विकत घेतले. तेव्हा परवानगी देताना कृपया दोघींची द्यावी.