नळ चालू होता

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
१२ जून २००६

प्रिय क्षितिजा,

फोन हॉलमध्ये आहे आणि आई शेजारीच बसलेली असते, म्हणून लिहितेय. तुझं लग्न होईपर्यंत तुला काही सांगायचं नाही, असं तिने मला बजावलंय.

मला स्लिप डिस्क झालेली नाही. निहार सगळ्यांना तसं सांगतो, कारण बायकोचं खरं दुखणं सांगायची त्याला लाज वाटते. सुरुवात लघवीपासून झाली. ऑफिसात जागेवरून उठेपर्यंत कपडे ओले व्हायचे. मग उलटंच सुरू झालं. घाई प्रचंड, आणि बसलं की काहीच होत नसे. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर होतं असं. निहार म्हणाला, पाणी कमी पी. मी दुपारनंतर पाणीच सोडलं. घोडबंदरला शुभदाच्या साखरपुड्यात सरबताचा ग्लास नुसता हातात धरून बसले होते.

मेमध्ये थंडी वाजून ताप भरला आणि संध्याकाळपर्यंत पायांतलं बळ गेलं. निहारने आणि वॉचमनने मला खुर्चीत बसवून खाली आणलं. हॉस्पिटलात नळी घातली, तर पिशवी भरतच राहिली. डॉक्टर म्हणाले, मूत्राशय कधी पुरतं रिकामंच होत नव्हतं, साचलेल्या लघवीत इन्फेक्शन झालं. मग एमआरआय काढला. मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण झडत जातं, मेंदूचे निरोप वाटेत अडतात. पाय थोडे परत आलेत. लघवी मात्र मी स्वतः बारीक नळी घालून काढते. आनंदी सिस्टरने शिकवलं. पहिल्यांदा खूप रडले, आता हात सरावलाय.

पण माझी कहाणी सांगायला हे पत्र नाही. परवा तू आलीस, "ताई, लग्नाचं टेन्शन गं," म्हणत पुन्हा बाथरूममध्ये गेलीस. मी बाहेर भिंत धरून उभी होते. आत नळ चालू होता, कितीतरी वेळ. त्या आवाजाने तरी होईल म्हणून मीही असाच नळ सोडून बसायचे. बाहेर येऊन तू बोटं चोळत हसलीस, मुंग्या येतात म्हणालीस. आईने तुझ्याकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. क्षितिजा, दोघी बहिणींना हा आजार क्वचितच होतो, पण होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. माझी शंका खोटी ठरली तर जन्मभर मला हस. पण लग्नापर्यंत थांबू नकोस. गुरुवारी माझ्या डॉक्टरांकडे तुझं नाव लावलंय. आईला सांगू नकोस. लग्नाआधी विपुलला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी सकाळी दहाला आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गेटपाशी रिक्षात बसलेली असेन.

तुझीच,
सुरुचीताई