तळ्यात सोडलेले मासे

३ जुलै
तळ्यात मासे सोडले. करंगळीएवढे, डासांच्या अळ्या खाणारे. धाकटी मुलगी डेंगीतून नुकतीच उठली आहे आणि आमच्या खोलीची खिडकी तळ्यावरच उघडते. सोडताना हात जोडले. बरं वाटलं.

९ जुलै
बेडकांचा अभ्यास करणाऱ्या बाई आल्या. आमच्या कौलांच्या कारखान्याने माती काढून सोडून दिलेला खड्डा, तेच हे तळं — आणि ही नखाएवढी बेडकी अजून दुसरीकडे कुठे सापडलेली नाही म्हणे! इतकी वर्षं मी इथे माळी. मला वाटायचं, गवतात किडा टिकटिकतोय.
पाण्यावर वाकलेलं एक पातं बाईंनी उलटून दाखवलं. खाली अंडी, काचेच्या मण्यांसारखी. पिल्लं सुटली की टपकन पाण्यात पडतात.
“इथेच का राहते ही?” मी विचारलं.
“उन्हाळ्यात तळं आटतं ना! मासे टिकत नाहीत. मासे असते तर एक पिल्लू उरलं नसतं.”
मी झारी भरायला निघून गेलो.

१० जुलै
सांगितलं नाही.

१५ जुलै
बाईंच्या जाळीत मासे आले. पिल्लू एकही नाही. त्या काठावर मटकन बसल्या.
कारखान्याच्या साहेबांनी थेट रखवालदाराला बोलावलं. सुट्टीच्या दिवशी तो गळ टाकून बसतो, म्हणून सगळे त्याला गळवाला म्हणतात. “साहेब, मला मासे पकडता येतात, पाळता येत नाहीत!” तो हसत म्हणाला. कुणी हसलं नाही. उद्यापासून त्याचं काम बंद.
मी तिथेच उभा होतो. हातात झारी.

१६ जुलै
देवापुढे बसलो, मन लागेना. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “हात जोडायला बरं जमतं. तोंड उघडायला काय होतं?”

१७ जुलै
साहेबांना सांगितलं, बाईंनाही. साहेब ओरडले. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “त्या दिवशीच बोलला असतात, तर थोडी पिल्लं तरी बाहेर काढली असती.”
पानांखाली आता एकही अंडं नाही. गवत गप्प.

१८ जुलै
गळवाल्याच्या घरी गेलो. पाया पडायला वाकलो, तर त्याने धरलं. म्हणाला, “दादा, मासे सोडताना मी पाहिलं होतं तुम्हाला. म्हटलं, देवमाणूस आहे, उद्या स्वतःच सांगेल.”