मेंढरं कुणाच्या वावरात होती

आबा,

गेल्या आठवड्यात मी जगातल्या सगळ्यात उंच इमारतीवर जाऊन आले. दुबईला. चढून गेले असं म्हणत नाही, कारण चढावं काहीच लागत नाही. एका लखलखीत लिफ्टमध्ये उभं राहायचं, कानांत दडे बसतात आणि ते सुटायच्या आत शंभराच्या वरचा मजला येतो. तुम्ही म्हणाला असता, पाय दुखले न्हाईत तर वर गेल्याचं कळतंय कसं. मलाही ते काचेजवळ जाईपर्यंत कळलं नाही. खाली रस्त्यांची गुंतवळ पडली होती, गाड्या गोचिडांएवढ्या, आणि पलीकडे समुद्र, पण पाण्यासारखा न दिसणारा, वाळूवरच कुणीतरी निळसर फडकं टाकल्यासारखा. माझ्यासोबत कामाला असलेली कोल्हापूरची एक मुलगी होती. तिनं दोन्ही हातांनी कठडा धरला होता आणि डोळे मिटून मला सांगत होती की तू बघ आणि मला सांग, मी ऐकूनच बघते. मी बघत राहिले. थोड्या वेळानं तिनं एक डोळा उघडला आणि हसत म्हणाली, "बगळ्यासारखी काय उभी राहिलीस?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उजवा तळपाय डाव्या गुडघ्याला टेकवून, तुमच्यासारखी एका पायावर उभी होते. हातात काठी तेवढी नव्हती.

तुम्ही टेकाडावर असे उभे असायचात. काठीवर हनुवटी, एक पाय दुमडलेला, आणि समोर मेंढरं पसरलेली. तुम्ही मोजायचा नाहीत. आपल्यात मोजायचं नसतं, लक्ष्मी असते, मोजली की कमी होते. तुम्ही नुसते बघायचात आणि बघता बघता म्हणायचात, भुरी दिसंना. आणि भुरी खरंच ओढ्यात कुठंतरी अडकलेली असायची. मी शाळेत शंभरापर्यंत शिकून आले होते, त्या हिवाळ्यात मी, रात्री मेंढरं कोंडतात त्या वाघराच्या जाळीशी उभी राहून मोठ्यानं मेंढरं मोजायला लागले, तेव्हा तुम्ही लांबून ओरडत आलात. मारलं नाहीत. माझं तोंड तुमच्या हातानं झाकलंत, लोकरीचा नि दुधाचा वास असलेल्या हातानं, आणि म्हणालात, शाळंतलं शाळंत. पुढं शिरगणतीला मास्तर आले आणि पोरं किती म्हणून विचारलं, तेव्हाही तुम्ही देवाच्या दयेनं हाईत एवढंच सांगितलं. मास्तरांनी दोनदा विचारलं, तुम्ही दोनदा तेच सांगितलंत, आणि शेवटी त्यांनी आम्हालाच ओळीत उभं केलं. आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होती.

दिवसही तुम्ही मोजत नव्हतात. आपलं बिऱ्हाड दिवाळीनंतर घोड्यावर लादून निघायचं, आणि ज्याच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायची त्याच्या नावानं तुमचा काळ चालायचा. माझा जन्म कधीचा, तर धर्मापुरीकडच्या एका म्हाताऱ्याच्या हरभऱ्याच्या रानातला. थोरल्या चुलत्याचं लग्न, तर ज्या वर्षी गोदावरीकाठच्या कपाशीवाल्यानं वावरात बसू दिलं नाही त्या वर्षीचं. मला शाळेत घालताना जन्मतारीख विचारली, तुम्ही तो हरभरा सांगितलात, आणि मास्तरांनी त्यांच्या सोयीची तारीख लिहिली. मी मोठी झाल्यावर याची मला लाज वाटायला लागली. आपल्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि पहिली असण्यात एक प्रकारचा ताठा असतो. मला वाटायचं, मी शिकले म्हणजे आता या घरात सगळं तारखेनं आणि वेळेनं होईल. तुम्हालाही तसंच वाटत असावं. नाहीतर ज्याला स्वतःला सावलीवरून वेळ कळते तो माणूस बारावीच्या परीक्षेआधी बीडच्या बाजारातून लेकीसाठी मनगटी घड्याळ कशाला आणेल? पट्टा मोठा होता. तुम्ही दाभणानं त्याला जास्तीचं भोक पाडलंत.

तुम्हाला दवाखान्यात नेलं त्या दिवशी ते घड्याळ माझ्या हातात होतं. मी दोन दिवसांसाठी गावी आले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात मुलाखत होती. तुम्ही बीडकडच्या शिरूरजवळच्या रानात होतात, मी भेटायला आले तेव्हा डोक्याला फडकं घट्ट आवळलेलं. आई म्हणाली, यांचं डोकं लई दुखतंय, तू शिकलेली हाईस, तूच घेऊन जा दवाखान्यात, मी मेंढरामागं राहते. शेजारच्या एकानं आपल्याला मोटारसायकलवरून नेलं. उतरताना पाय जरा ओढत होतात. मला वाटलं, बसून आखडला असेल. डॉक्टर भले होते. त्यांनी विचारायला हवं ते सगळं विचारलं. किती दिवस झाले, पडले-बिडले होते का, उलटी झाली का. मी सांगितलं, दोन दिवस झाले, पडले नाहीत, उन्हात असतात. ते म्हणाले, मग ऊनच लागलंय. गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्यायला सांगितलं. मी तुम्हाला त्याच शेजाऱ्याच्या गाडीवर परत बसवून दिलं आणि दुपारची गाडी पकडली.

सहाव्या दिवशी सकाळी तुम्ही उठलाच नाहीत. जीपमधून बीडला नेलं. मी पुण्याहून पोचले तेव्हा तुम्ही गेला होतात. तिथले डॉक्टर आईला समजावून सांगत होते आणि आईला काही समजत नव्हतं, म्हणून त्यांनी ते पुन्हा मला सांगितलं. डोक्यात जुनं रक्त साचलं होतं. आजचं किंवा कालचं नाही, तीनेक आठवड्यांपूर्वीच्या माराचं. वेळेत कळलं असतं तर लहानशा ऑपरेशननं माणूस आपल्या पायानं घरी गेला असता. तेव्हा आईनं तोंड उघडलं. चकलांब्याच्या रानात असताना तुम्ही मेंढरांना पाला पाडायला बाभळीवर चढला होतात आणि पडलात. खाली घटकाभर तसेच पडून होतात. उठल्यावर तिला शपथ घातलीत, कुणाला सांगू नगंस, जल्मभर झाडावर चढणारा मेंढक्या झाडावरनं पडला म्हणून लोक हसतील. ती खरंच कुणाला बोलली नाही. मलाही नाही.

त्याला तीन वर्षं झाली. गाव पहिल्या डॉक्टरांना दोष देतं, पण आई देत नाही. आई स्वतःला देते. मेंढरं तिनं चुलत्याच्या हवाली केली. ती घरी असते, दोन वेळा भाकरी करते, मला फोनवर जेवलीस का विचारते, आणि मध्येच, काही कारण नसताना, म्हणते, मीच गप बसले. जाते-येते तिथं म्हणते. चुलीत लाकूड सारताना म्हणते. एकदा दिवाळीत मला न्हाऊ घालताना माझ्या डोक्यावर पाणी ओतता ओतता थांबली आणि म्हणाली. पहिल्यासारखी ती पदर तोंडाला लावून हसल्याचं मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

मला नोकरी लागली हे तुम्हाला माहीत नाही. गावोगाव फिरून आजारी माणसांची विचारपूस करणाऱ्या ज्या बाया असतात, त्यांनी काय विचारावं, कसं विचारावं, ते आम्ही ठरवतो आणि त्यांच्या मोबाईलवर घालून देतो. कामाला लागल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही की, किती दिवस झाले, या प्रश्नाच्या खाली आणखी प्रश्न घातले. दुखायला लागलं तेव्हा तुम्ही कुठं होता? कुणाच्या वावरात? ऊस तोडायला गेला असाल तर कुठल्या फडात? कोणता सण व्हायचा होता, कोणता होऊन गेला होता? वरिष्ठांनी आधी नाक मुरडलं. पण त्या बायांनी विचारायला सुरुवात केली आणि माणसं बोलायला लागली. जी माणसं दिवस विचारला की "झालं थोडं" म्हणायची, ती रान विचारलं की सगळं सांगायला लागली, कुठल्या बांधावर बसलो होतो इथपर्यंत. त्या कामाबद्दल बोलायला आम्हाला दुबईला बोलावलं होतं. मी इंग्रजीत बोलले, आबा, पंधरा मिनिटं, आणि अडखळले नाही. शेवटी एका बाईंनी विचारलं, हा प्रश्न तुम्हाला सुचला कसा? मी म्हणाले, एका रुग्णाच्या नातेवाइकानं चुकीची माहिती दिली होती, ते पाहून सुचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना इमारत बघायला नेलं. रात्रभर जागून मी ठरवलं होतं की आता आईला सांगायचं. वर पोचल्यावर, त्या काचेशी उभं राहून मी तिला व्हिडिओ कॉल केला. तिनं नेहमीप्रमाणं फोन कानाला लावला, त्यामुळं मला नुसता तिचा कान दिसत होता आणि कानातली ती जुनी फुलं. मी म्हणाले, आई, तोंडासमोर धर. तिनं धरला, मग मी फोन फिरवून तिला खालचं सगळं दाखवलं.

"एवढ्या वर कशापायी गेलीस?" ती म्हणाली. "उतर खाली."

मी म्हणाले, काच आहे आई, इथून कुणी पडत नाही. पडण्याचा शब्द माझ्या तोंडून गेला आणि तिचा चेहरा बदलला. ती भिंतीकडं बघत बोलायला लागली, जसं ती नेहमी बोलते. आणि त्या दिवशी तिनं एक गोष्ट सांगितली जी तीन वर्षांत कधी सांगितली नव्हती, कारण तिला ती सांगण्यासारखी वाटलीच नसावी. तुम्ही दवाखान्यातून आलात आणि भाकरी खाताना तिला म्हणालात:

"आपली पोरगी डाक्टरासंगं लई झाक बोलली. मला मदी तोंड घालायचं कामच पडलं न्हाई."

"हासत होते," आई म्हणाली. "डोकं एवढं दुखतंय अन् हासत होते. मी तवाच तुला फोन करून बाभळीचं सांगितलं असतं, तर तू डाक्टरला सांगितलं असतंस. तुला सगळं बोलता येतंय. माझंच तोंड शिवलेलं."

माझ्या मागं एक जण हिरव्या पडद्यासमोर लोकांना हात पसरून उभं करत होता आणि त्यांचे फोटो काढत होता. कोल्हापूरची मुलगी मला हाक मारत होती, ये, आपला पण काढू. आई फोनमध्ये वाट बघत होती. मी सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, आई, तो बघ, तो समुद्र.

आता तुम्हाला तरी खरं सांगते, कारण आतापर्यंत या पत्रातसुद्धा मी ते नीट लिहिलेलं नाही. मी वर लिहिलं की डॉक्टरांनी विचारलं आणि मी सांगितलं. तसं झालं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही आधी बोललात. तुम्ही म्हणालात, "चकलांब्याच्या त्या पाटलाच्या वावरात बसलो व्हतो, तवा..." एवढंच. लोक हसतील म्हणून जे आईला गावात कुणापाशी बोलू दिलं नाहीत, ते तुम्ही डॉक्टरांना सांगणार होतात. आणि मला वाटलं, झालं, आता आबा पाटलाचं वावर, मग वावरातली विहीर, मग विहिरीचं पाणी असं सांगत बसणार, बाहेर रांग लागलेली, डॉक्टर घड्याळाकडं बघतायत. ते बघत नव्हते, आबा. मीच बघत होते. मी तुमच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आबा, तुम्ही थांबा, मी सांगते. दोन दिवस झाले डॉक्टर." दोन हा आकडा मी कुठून आणला तेही मला माहीत नाही. मी गावी येऊन दोन दिवस झाले होते, बहुतेक तिथूनच. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुम्हाला ठाऊक होतं की मी चुकीचं सांगतेय. चार माणसांसमोर, डॉक्टरांसमोर, लेकीचं बोलणं खोडायचं नाही म्हणून तुम्ही तोंड मिटलंत, आणि घरी जाऊन त्याचं कौतुक सांगितलंत.

ज्या प्रश्नासाठी मला टाळ्या मिळाल्या तो मला सुचलेला नाही. तो तुमच्या अर्ध्या वाक्यातून घेतलेला आहे, आणि उरलेलं अर्धं मी तुम्हाला बोलू दिलं नाही.

मी काल गावी आले. हे पत्र तुम्हाला म्हणून लिहितेय, पण खरं तर आईला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. तोंडानं जमत नाही ते निदान वाचून तरी जमेल असं वाटलं. ती आत्ता माझ्यासमोरच बसलीय, ज्वारी निवडतेय. मघाशी तिनं विचारलं, काय लिहितीस एवढं? मी म्हणाले, कामाचं आहे. तिनं मान डोलावली, सूप बाजूला ठेवलं, जवळ येऊन वहीत वाकून बघितलं, आणि अक्षर लई झाक हाय म्हणाली. पान तिच्या डोळ्यांसमोर उघडं होतं. मी झाकलं नाही. गावातल्या बायांना लिहिता-वाचता आलं पाहिजे म्हणून मी आजवर किती जणींशी भांडले असेन, आबा, आणि माझ्या आईला वाचता येत नाही याचं मला त्या क्षणी बरं वाटलं.