किल्लीवरचं फडकं

१२ जानेवारी, शुक्रवार
दुपार, जेवणानंतर

प्रिय दहा-अकरा,

अनेक आशीर्वाद. चाळिशीला टेकलास तरी मी तुला याच नावानं हाक मारणार. हवा तेव्हा नेमका न सापडणारा पाना म्हणजे दहा-अकराचा, आणि घरातलं तसं माणूस म्हणजे तू, हे बाबांनी तू पाचवीत असतानाच ठरवून टाकलं होतं.

आम्ही इकडे ठणठणीत. बाबांचे हात थरथरतात, जीभ मात्र शाबूत आहे. गॅरेज मी चालवते आणि, स्वतःच्या तोंडानं सांगते, बाबांपेक्षा बरं चालवते. परवा एक गिऱ्हाईक मलाच विचारत होतं, "मेकॅनिक कुठायत?" म्हटलं, "तिच्याशीच बोलताय. बॉनेट उघडा."

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "बरंय" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र अर्ध्यात ठेवलंस तरी कधीतरी पुरं वाचशील.

तर बातमी अशी, की तुझ्यासाठी घेतलेला ट्रक मी बाहेर काढतेय.

तू गेल्यावर बाबांनी सहा महिने खपून त्याचं इंजिन पुन्हा बांधलं. क्रँक घासून आणला, नवी बेअरिंगं घातली. आणि एकदाही सुरू केलं नाही. चौदा वर्षं मागच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर उभा आहे. इतकं बसलेल्या इंजिनात ऑइल सगळं तळाशी उतरतं आणि बेअरिंगं कोरडी पडतात. तशीच किल्ली फिरवली, तर पंप ऑइल वर चढवेपर्यंत लोखंडावर लोखंड घासतं आणि कारभार आटोपतो. तुला हे मी शिकवायला नको.

म्हणून उतावळेपणा केला नाही. जुनं ऑइल काढून नवं ओतलं, फिल्टर काठोकाठ भरूनच बसवला. डिझेल बंद ठेवलं. ब्लॉकच्या बाजूचा प्लग काढून तिथे हातपंप जोडला आणि ऑइल आत दाबत राहिले. मधूनमधून पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं थोडं फिरवायचं, की पुन्हा पंप. वरचं झाकण उघडंच होतं; तिथल्या सगळ्या रॉकरांवर ऑइल आलं, की ते इंजिनभर पोचलं. पहिल्या रॉकरवर ऑइल पाझरलं, मग दुसऱ्यावर. पाचापर्यंत सुरळीत. सहाव्यानं अंत पाहिला. बाबा स्टुलावर बसलेले.

"आलं का?"

"नाही."

"मग बघत काय बसलीस? मार पंप!"

शेवटी सहावाही ओला झाला. बाबांनी बोट लावून पाहिलं आणि ते बोट बराच वेळ पुसलं नाही.

काम चालू होतं तोवर किल्लीला फडकं होतंच. आपल्या गॅरेजचा नियम अजून तोच आहे. ज्यानं ऑइलची लाइन उघडली त्यानं किल्लीला फडकं बांधायचं, आणि ऑइल वर आलेलं पाहून त्यानंच ते सोडायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

इथपर्यंत झरझर लिहिलं. आता चहा करून आले, टेबल पुसलं, पेन्सिलींना टोक काढलं. पेनानं लिहितेय, तरी.

चौदा वर्षांपूर्वी याच ट्रकचं इंजिन जाम झालं, त्या दिवशी फडकं मी बांधलं होतं. ते तू सोडलंस असं बाबा म्हणाले. तू म्हणालास, "नव्हतंच." बाबांनी तुला खोटारडा ठरवलं. तू खरं बोलत होतास. मी नवा फिल्टर कोराच बसवला होता, नवं ऑइल ओतायचं राहिलं होतं. हात बरबटलेले, दारात गिऱ्हाईक हाका मारतंय, चिंधी सापडेना. मी किल्लीवरचं फडकं ओढलं, हात पुसले, खिशात कोंबलं आणि बाहेर गेले. तू आलास, किल्ली मोकळी पाहिलीस आणि फिरवलीस. नियमानंच वागलास.

इंजिन जाम झालं, बाबा तुझ्यावर ओरडत होते, आणि मी खिशात हात घालून, फडकं मुठीत आवळून, मूग गिळून उभी होते. बाबांनी पहिल्यांदाच मला एकटीला इंजिन दिलं होतं. पुन्हा पान्याला हात लावू देणार नाहीत, एवढीच भीती होती रे. आठ दिवसांनी तू बॅग उचललीस तेव्हाही गप्पच राहिले. पुढे जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं. मला लाज वाटते. रोज वाटत आलीय.

काल सहावा रॉकर ओला झाल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे पोरगं खरं सांगत होतं." मग शेडमधून उठून गेले. आज सकाळी चहा घेताना म्हणाले, "त्याच्या ट्रकला किल्ली त्यानंच मारायची. लिही त्याला. माझा हात चालत असता तर मीच लिहिलं असतं."

माफ कर असं म्हणत नाही. भांडायचं असेल तर इथे येऊन भांड, मी ऐकून घेईन. उशिरा आलास तरी चालेल. ज्या दिवशी येशील त्या सकाळी मी पुन्हा पंप मारीन, सहावा ओला होईपर्यंत.

पाकिटात फडकं आहे, त्या दिवशीचंच. या वेळीही किल्लीला तेच बांधलं होतं, आणि ऑइल डोळ्यांनी पाहून मीच सोडलंय. किल्ली मोकळी आहे. तिला इथे कुणी हात लावणार नाही.

चौदा वर्षं ते खिशात घेऊन फिरलेली,
तुझी ताई