कासिमीरची चूक

ओब्री, २४ नोव्हेंबर २०१२

त्या पुतळ्याला मिशा कुणी लावल्या? तुझ्या आजोबांना जन्मात कधी मिशी नव्हती. गाल मेणाचे, गुलाबी, डुकराच्या पिल्लासारखे, आणि डोक्यावर त्यांचंच हेल्मेट! वर महापौर माझे गाल मुक्यांनी ओले करून विचारतो, "लेओंतीनबाई, ओळखलंत का मालकांना?" म्हटलं, "नाही रे बाबा, हा तुझ्यावर गेलाय."

सोलेन, आशीर्वाद. गुडघा सोडून बाकी ठीक. मिराबेल प्लमचा मुरंबा तुझ्या आईजवळ दिलाय, बरणी परत पाठव.

लोखंडाची खाण होती तेव्हा वाळत घातलेल्या चादरी लाल, शेंबूड लाल, ओढा लाल. तुम्ही तिचं संग्रहालय केलंत पांढरंशुभ्र, हॉस्पिटलसारखं. दारात खाणीतल्या ढकलगाडीच्या आकाराची बिस्किटं. किळस आली. पण बिस्किटं विका, पुतळे नाचवा, मला काय. मी लिहायला बसले ती दिव्यांच्या खोलीतल्या पाटीसाठी. तू लिहिलेल्या. "दिवेवाला कासिमीर याने चुकून बिल्ला काढल्यामुळे १९६१ च्या अपघातात आन्सेल्म यांचा शोध घेतला गेला नाही." तीनदा वाचली. घरी येऊन कागद काढला.

बिल्ल्याचं तू कागदांत वाचलंस. माणूस खाली जाताना नंबराचा बिल्ला देऊन दिवा घ्यायचा. बिल्ला फळ्यावर, म्हणजे माणूस खाली. कागदांत शुक्रवारचं नाही. शुक्रवारी दुपारी काही जण टेकडीवरच्या खाणीच्या जुन्या तोंडातून गुपचूप निसटायचे, आपापल्या बागेत. त्यांचे बिल्ले आधीच कुणीतरी फळ्यावरून काढून ठेवायचं. दिवा सोमवारी परत. सगळं गाव करायचं हे, आणि सगळं गाव तोंड मिटून बसलंय.

कुणीतरी म्हणजे आत काम करणारं कुणीतरी. कासिमीरच्या हाताखाली दिवे पुसायला आम्ही दोघी होतो. दुसरी त्या दिवशी आजारी होती.

मी काढला, सोलेन. एप्रनच्या खिशात टाकला. माझा आन्सेल्म सकाळी म्हणाला होता, "आज झाडं छाटायचीत, दोनला बाहेर पडतो." पडला नाही. का, ते कुणाला विचारू? तीनला खाणीचं छत कोसळलं. तिघांना काढलं, फळा मोकळा दिसला, शोध थांबवला. मला वाटलं हा बागेत आहे. संध्याकाळी बागेत गेले, कुणी नव्हतं. तेव्हा तरी ओरडायचं होतं. नोकरी जाईल म्हणून म्हटलं, कॅफेत असेल, येईल. सोमवारी सापडला. डॉक्टर म्हणाला, रविवारपर्यंत जिवंत असणार.

चौकशीत साहेबाने विचारलं, बिल्ला कुणी काढला? कासिमीरने माझ्या पोटाकडे पाहिलं. तुझी आई पोटात होती, सातवा महिना. म्हणाला, "मीच काढला असेन, चुकून." त्याला काढून टाकलं. घर कंपनीचं, तेही गेलं. सामान गाडीत चढवत होता तेव्हा बायका त्याच्या उंबऱ्यावर थुंकल्या.

मीही थुंकले. विधवेने न थुंकून कसं चालेल!

एकावन्न वर्षं त्या पोलिश माणसाच्या जिवावर मी इथे बिचारी म्हणून मिरवले. आणि तू त्याच्या मुलीला, हालिनाला, निमंत्रण धाडलंस. बापाचं नाव भिंतीवर वाचायला!

चार डिसेंबरला खाणकामगारांच्या बार्बरामाईच्या मिरवणुकीनंतर मी फीत कापणार आहे म्हणे. ती पाटी असेल तर कात्री महापौराच्या हातात दे. पाटी उतरव, आणि नवी लिहिताना माझं नाव पूर्ण लिही, माहेरच्या आडनावासकट. "चुकून" शब्द वापरायचा तर फक्त दुपारपुरता वापर. संध्याकाळची चूक नव्हती.

तुझ्या आईला मी स्वतः सांगेन. तू मध्ये बोलू नकोस.

हे पत्र जसंच्या तसं हालिनाकडे घेऊन जा. पोस्टाने नाही, हाताने. तिच्यासमोर उभी राहून वाच, बसायला सांगितलं नाही तर उभीच राहा. मला "आजी, तू तेव्हा तरुण होतीस" असलं काही लिहून पाठवू नकोस, फाडून टाकीन. उत्तर तू द्यायचं नाही. हालिनाने द्यायचं. शिवी असली तरी चालेल, पण तिच्या हातची.

लेओंतीन