जंजिरा जिंकणारे सोनारीकर

३ ऑक्टोबर, घटस्थापना

जंजिरा जिंकला! कुणी? आमच्या पूर्वजानं! अमरसिंह, माझा धाकटा भाऊ, सकाळी घटापुढंच फ्लेक्सचा नमुना नाचवत होता — ‘जंजिऱ्यावर झेंडा रोवणारे सरदार सुभानराव, सोनारी’. मी हयातभर शाळेत इतिहास शिकवला. वेढे पडले, समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली, तरी जंजिरा मराठ्यांना मिळाला नाही, हे शाळकरी पोराला ठाऊक. आणि सुभानराव म्हणे पोहत गेले! या घरात पोहणं म्हणजे कमरेला भोपळा बांधून विहिरीत डुंबणं. कुठून काढलंस, विचारलं. तर म्हणे, जुनी माणसं सांगायची.

६ ऑक्टोबर

आता उलगडलं. दसऱ्याला तेरहून अमरसिंहच्या लेकीच्या, निकिताच्या सोयरिकीसाठी पाहुणे येणार. मुलगा कृष्णराज, पुण्यात नोकरीला. त्याचे आजोबा व्यंकटराव घराणं बघितल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नाहीत म्हणे. वा! मुलगी एम.एस्सी. झाली ते कुणी विचारत नाही. सुभानराव पोहले का, ते महत्त्वाचं!

अमरसिंहला वाटतं, शिकलेल्या बहिणीनं बैठकीत मान डोलवावी. “ताई, लोकाला काय कळतंय? तुमी नुसतं व्हय म्हणा.”

७ ऑक्टोबर

फ्लेक्स आला. सुभानरावांना अमरसिंहच्याच मिशा!

१० ऑक्टोबर

निकिता चार दिवस माझ्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. घटावर बांधायच्या कडाकण्या लाटताना मान वर करत नाही. माझी भाची, मी शिकवलेली पोर, आणि बाप तिला खोट्या घराण्याच्या बदल्यात उजवायला निघालाय. संताप येतो! एकटी गाठून विचारलं, तुला हे पटतंय का? डोळे भरले तिचे. “आत्या, तुम्ही त्या दिवशी काही बोलू नका, एवढंच.”

बापाला किती भिते बिचारी. मी बोलणारच.

१२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजा झाली. तलवार सुभानरावांची, म्हणजे तुळजापूरच्या बाजारातली, मूठ अजून चकचकीत. पाहुण्यांना फेटे बांधले. व्यंकटरावांनी स्वतःच्या घराण्याचं सांगितलं — त्यांचा कुणी मूळपुरुष जंजिऱ्याच्या वेढ्यात बुडून मेला. तिकडंही जंजिरा! कोकणातली माणसं काय झोपली होती?

मग अमरसिंह उठला. सुभानरावांनी किल्ला कसा सर केला, त्याचं पुराण लावलं. मी शांतपणे म्हटलं, “व्यंकटराव, आमच्यांनी किल्ला घेतला असेल, तर तुमचे कशाला बुडाले? जंजिरा कुणी घेतलेला नाही. हे सगळं फ्लेक्सवाल्यानं जिंकलंय.”

कुणी हसलं नाही. म्हातारा उठून तलवारीपाशी गेला. मग म्हणाला, “आमचा माणूस तिथं खरंच गेला, बाई. सर्वपित्रीला त्याच्या नावानं आमी अजून पाणी सोडताव. तुमी त्याचा तमाशा केला.” फेटा उतरवून सतरंजीवर ठेवला आणि निघाला. मागून सगळे. कृष्णराज दारात थांबून आत बघत होता, त्याला हाक मारून नेलं. सुपारी ताटात तशीच राहिली.

अमरसिंहनं माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू दे! एक पोर वाचली. जेवणाला बासुंदी होती, मी दोन वाट्या घेतल्या.

१३ ऑक्टोबर

निकिता सकाळी खोलीत आली. कृष्णराजचं आणि तिचं कॉलेजपासून जमलंय. आजोबा ऐकेनात, म्हणून सुभानराव तिनंच रचून बापाला दिले, व्यंकटरावांच्या पूर्वजासोबत नुसते वेढ्यात लढलेले. झेंडा बापानं रोवला. आता व्यंकटरावांनी तेरचं दार बंद केलंय.

मला आधी का नाही सांगितलंस, विचारलं.

“तुम्ही हसला असता, आत्या.”